हिरव्या दिव्याची वायर

“यंत्र म्हातारं झालंय, बाई. मान्य करा आणि मोकळ्या व्हा.”

“यंत्राला नऊ वर्षं झालीत. तुम्हाला चोपन्न. तुम्हाला मोडीत काढलंय का कुणी?”

“माझी बॅटरी चालते अजून.”

“बुधवारी कुठे चालली? दोनदा फोन केला तर म्हणालात, तिसरा मजला चढवत नाही.”

“तो गुडघा. बॅटरी वेगळी.”

“मग यंत्राचाही गुडघाच असेल. बघितलात का तुम्ही त्याचा गुडघा?”

“आता अजून काय काय बघू? केबल तीनदा बदलली. ड्रायव्हर काढून पुन्हा टाकला. वीज वाचवायला संगणक मधूनच यूएसबी झोपवतो, ती सोय बंद केली. संगणक तर चार वेळा रीस्टार्ट केला. तरी तुमची ब्रेलची पट्टी मरते. मग उरलं काय?”

“तुमच्या लॅपटॉपला जोडली तेव्हा तासभर चालली की.”

“माझा लॅपटॉप नवा आहे.”

“म्हणजे पट्टी धडधाकट आहे.”

“म्हणजे माझा लॅपटॉप धडधाकट आहे,” तो म्हणाला, आणि स्वतःलाच ते पटलं नसावं, कारण खुर्ची ओढून मटकन बसला.

चार मजल्यांवरचे संगणक एकट्याने सांभाळणाऱ्या या माणसाला अख्खं कार्यालय ‘रीस्टार्ट’ म्हणतं. कुणाचाही फोन आला की तो ‘हॅलो’च्या आधी तेच विचारतो. शंभरातल्या साठ तक्रारी तिथेच मिटतात, त्यामुळे त्याला कधी कुणाच्या टेबलाखाली वाकायची वेळ आली नाही. आता वाकायचं म्हटलं तरी गुडघा वाकू देत नाही.

जिच्याशी त्याचं भांडण चाललं होतं ती टंकलेखिका. वय सेहेचाळीस, जन्मापासून आंधळी. हे कार्यालय लोकांच्या तक्रारी ऐकून घेतं. सुनावणीच्या खोलीत माणसं बोलतात, त्याचं रेकॉर्डिंग होतं, आणि ते शब्दन् शब्द कागदावर उतरवायचं काम हिचं. कानात हेडफोन, पाय पेडलवर, म्हणजे पाय दाबला की आवाज चालतो आणि उचलला की थांबतो. दहा बोटं कीबोर्डवर. आणि कीबोर्डच्या पुढ्यात ती ब्रेलची पट्टी: हातभर लांब, वर बारीक ठिपक्यांची ओळ. संगणकावर जे टाइप होईल ते ठिपके होऊन पट्टीवर उभं राहतं. बोट फिरवलं की वाचता येतं. कान साक्षीदाराला दिलेले, त्यामुळे संगणकाने मोठ्याने वाचून दाखवायची सोय तिच्या उपयोगाची नाही. जे लिहिलं ते बरोबर आहे का, एवढं सांगायला तिच्यापाशी ही पट्टीच.

गेले दोन महिने पट्टी मधेच मरत होती. बोटाखाली ठिपके उभे असायचे आणि एकदम सगळे खाली बसायचे. उरायचं नुसतं गुळगुळीत प्लास्टिक. त्याच वेळी संगणकातून दोन सूर यायचे, वरचा आणि मग खालचा. यंत्र तुटलं याची ती खूण. चारपाच सेकंदांनी सूर उलटे वाजायचे, खालचा आणि मग वरचा, आणि ठिपके परत उठायचे. पण ते पानाच्या सुरुवातीवर. आपण कुठे होतो हे शोधेपर्यंत साक्षीदार पुढे निघून गेलेला.

या घोळात दोन महिन्यांत अकरा चुका झाल्या. एका कागदावर एक परिच्छेद दोनदा आला. एका म्हाताऱ्याच्या जबाबातली चार वाक्यं गेली, आणि नेमकी तीच, ज्यांच्यासाठी तो तक्रार घेऊन आला होता. त्याच्या मुलाने येऊन आरडाओरडा केला. त्यानंतर पत्र आलं: उपकरण आणि कर्मचारी या कामास पूर्ण न्याय देऊ शकत नसल्याने टंकलेखिकेस सोमवारपासून टेलिफोन कक्षात रुजू होण्यास कळवावे.

आज शुक्रवार होता.

टेलिफोन कक्ष तिला नवा नव्हता. तिथे तिने अकरा वर्षं काढली होती. ‘नमस्कार, एक मिनिट थांबा, जोडून देते.’ दिवसाला दोनशे वेळा. लोक म्हणायचे, काय गोड आवाज आहे. आणि तिला वाटायचं, आपण गळ्याखाली आहोतच कुठे. मग टंकलेखनाची खात्याची परीक्षा निघाली. तिने अर्ज भरला तेव्हा कुणीतरी समजूत घातली होती, की अगं, बसून खा ना. ती परीक्षेत पहिली आली. पहिल्या महिन्यात तिने उतरवलेल्या कागदाच्या तळाशी तिची आद्याक्षरं छापून आली, तो कागद वहिनीने तिला हातात धरायला दिला होता, आणि तिने त्यावरून उगाचच तीनचार वेळा बोट फिरवलं होतं. साध्या शाईत बोटाला लागण्यासारखं काय असतं? तरी फिरवलं होतं.

“सोमवारी मी खाली जाणार, ते तुम्हाला चालेल?” तिने रीस्टार्टला विचारलं.

“मला काय, माझे तीन जिने वाचतील.”

“खरं बोलताय.”

“खरंच बोलतोय. पण वाईट वाटेल. भांडायला कोण उरणार या मजल्यावर? बाकीचे नुसते रडतात.”

तो सुस्कारा सोडून उठला. “जेवून येतो. तुमची ती नोंद काढून ठेवा. शेवटचं बघू.”

नोंद म्हणजे तिची स्वतःची. पट्टी पहिल्यांदा मेली त्या आठवड्यापासून ती रद्दी फॉर्मांच्या पाठीवर टोच्याने ब्रेलमधे वेळा टोचून ठेवत होती. दहा वीस. दहा पंचेचाळीस. दोन पाच. अशी चाळीसेक कागदांची चळत झाली होती. त्यात एक गोष्ट तिला तिसऱ्याच आठवड्यात सापडली होती, आणि ती तिने कुणाला सांगितली नव्हती. मंगळवारच्या कागदावर एकही भोक नव्हतं. एकाही मंगळवारी नाही.

मंगळवारी वहिनी जुन्या इमारतीत जायची.

वहिनी म्हणजे तिच्या थोरल्या भावाची बायको, आणि याच कार्यालयात अभिलेख विभागाची लिपिक. कमरेएवढ्या लाकडी पार्टिशनच्या पलीकडे वहिनीचं टेबल, अलीकडे हिचं. नऊ वर्षं दोघी एकत्र निघतात, एकाच बसला चढतात. वहिनी कोपर पुढे करते, ही धरते. वहिनीच्या कोपरावरून हिला कळतं आज घरात काय बिनसलंय ते. मंगळवारी मात्र जुन्या फायली लावायला वहिनीला दोन गल्ल्या सोडून असलेल्या इमारतीत जावं लागतं. तेवढा दिवस पट्टी न मरता चालायची.

कळत होतं, पण वळवून घ्यायचं नव्हतं. तिने स्वतःला समजावलं, मंगळवारी सुनावण्या कमी असतात, म्हणून. ते खरं नव्हतं, मंगळवारीच जास्त असतात.

सगळे जेवायला गेल्यावर खोली रिकामी झाली. तिने हेडफोन काढून ठेवले, खुर्ची मागे सारली, पदर खोचला आणि टेबलाखाली शिरली.

खाली दोन महिन्यांची धूळ होती. आधी तिने संगणकाची पेटी शोधली, मग पेटीच्या पाठीतून निघणाऱ्या वायरी एकेक करून बोटांत धरल्या. ही जाड, कीबोर्डची. ही पेडलची, पेडलपाशीच संपते. तिसरी वायर टेबलाच्या मागच्या कडेला जाऊन एका चपट्या डब्यात घुसत होती. हा हब. एका भोकाची सात भोकं करून देणारा. पार्टिशनला चिकटपट्टीने डकवलेला. पट्टीसाठी घेतला होता, कारण संगणकाच्या पाठीला जागा उरली नव्हती. तेव्हा त्यात पट्टीची वायर एकटीच असायची.

आता त्यात पाच होत्या. एक पट्टीची. बाकीच्या चार पार्टिशनवरून पलीकडे उतरत होत्या. एक चपटी, एक कापडी वेणीची, एक पातळ, आणि एक टोकाला चिकट, जिच्या प्लगवर कुणीतरी लहान मुलांच्या खेळातला स्टिकर लावला होता. फोनच्या. हिच्या डब्यात अख्ख्या अभिलेख विभागाचे फोन जेवत होते. कुणी विचारलं नव्हतं. विचारायचं कशाला, हिला कुठे दिसणार होतं.

तिला राग यायला हवा होता. पण उकिडवं बसून पाय भरून आले होते, आणि ती फक्त म्हणाली, “वा.”

मग तिने डब्याची कड चाचपली. एका बाजूला बारीक गोल भोक होतं, आत मधोमध एक खिळा. रिकामं. हे भोक तिच्या ओळखीचं होतं. डबा नवा आणला तेव्हा तिथे एक वायर खोचलेली असायची, आणि ती वायर भिंतीतल्या सॉकेटच्या एका ठोकळ्याला जायची. ठोकळा नेहमी कोमट असायचा. थंडीत तिने त्यावर पायाचा अंगठाही टेकवला होता.

सॉकेट तिने शोधला. त्यात मोठा, थंड, तीन पायांचा प्लग होता. त्याची वायर पार्टिशनवरून वर गेली, आणि वर, वहिनीच्या टेबलावर, पंखा गरगरत होता.

ठोकळा खालीच होता, भिंतीशी. वायर नीट गुंडाळलेली. आधी आठाच्या आकड्यासारखे फेरे, मग मधे कमरेला दोन वेढे, आणि वर कापडी केसांचं रबर. घरी इस्त्रीची वायर अशीच असते. मिक्सरची वायर अशीच असते. भावाच्या दाढीच्या मशिनची वायरसुद्धा. त्या घरात सतरा वर्षं सगळ्या वायरी एकच माणूस गुंडाळतं.

रबर न काढता तिने ठोकळा उचलला आणि टेबलाखालून बाहेर आली.

रीस्टार्ट आला तेव्हा ती खुर्चीवर होती आणि ठोकळा टेबलावर. त्याने तो हातात घेऊन उलटा केला असावा, कारण नुसतं “अरे देवा” म्हणाला, तेही हळू.

“हा नसेल तर काय होतं?” तिने विचारलं. तिला माहीत होतं. तरी त्याच्या तोंडून हवं होतं.

“हा हबचा स्वतःचा अडॅप्टर. हा असला की हबमधे सात जण बसले तरी सातही जणांना पोटभर. हा काढला, की हब संगणकाच्या एका भोकातून जेवढं मिळेल तेवढ्यावर जगतो. एका माणसाचं ताट, पाच जण जेवायला. चौघं रेटून नेतात. पाचवा, म्हणजे चौथा फोन, चार्जिंगला लागला की ताट रिकामं. मग संगणक एकदम सगळ्यांनाच उठवतो आणि पुन्हा बसवतो. तुमच्या पट्टीची आतली बॅटरी तर कधीच गेलेली. बाकीच्यांना पोटात साठवून ठेवायची सोय आहे, हिला नाही. म्हणून हिची उपासमार दिसते, बाकीच्यांची दिसत नाही.” मंगळवारी वहिनी नसली की तीनच फोन उरायचे, हे तिच्या लक्षात आलं.

“माझ्या संगणकाने सांगितलं नाही, वीज कमी पडतेय म्हणून?”

“सांगितलं असेल, स्क्रीनच्या कोपऱ्यात. पाच सेकंद.”

“स्क्रीनवर,” ती म्हणाली.

“हं,” तो म्हणाला. ठोकळा परत टेबलावर ठेवत त्याने विचारलं, “मी एकदाही वाकून बघितलं नाही, ते तुम्ही त्या पत्राच्या उत्तरात लिहिणार का?”

“तुमच्या गुडघ्याचं कुणी काय लिहावं? लावा तो.”

गुडघा धरून तो कसाबसा टेबलाखाली वाकला, त्याने पंख्याचा प्लग काढला, अडॅप्टर लावला, आणि मुद्दाम दोन फोन जास्तीचे खोचून बघितले. पट्टी मेली नाही. तो अर्धा तास बसून राहिला. मेली नाही. मग दोघं मिळून मोठ्या बाईंकडे गेले.

मोठ्या बाई, म्हणजे कार्यालयप्रमुख, फायलींच्या ढिगाआडून बोलल्या. त्यांचा आवाज दुपारीच थकलेला असतो.

“पत्र मागे घेता येईल. पण मला कारण लागेल लेखी. ‘हब बिघडला’ असं लिहाल तर वरचे म्हणतील, उपकरणं टिकत नाहीत, म्हणजे पत्र बरोबरच होतं. काय झालं, कधीपासून आणि कुणामुळे, हे तीन. पाचच्या आत.”

“कुणामुळे, हे लागेलच?”

“अकरा चुका तुमच्या नावावर आहेत. त्या तुमच्या नसतील तर कुणाच्या तरी असल्या पाहिजेत. मी काय करू?”

खोलीत परत आली तेव्हा पंखा बंद होता, आणि वहिनी पार्टिशनला टेकून उभी होती. तिच्या श्वासावरून कळत होतं. वहिनीला गेले सहाआठ महिने अंगातून वाफा येतात, अचानक, भर थंडीतसुद्धा. त्यासाठी तर पंखा होता.

“माझा पंखा कुणी काढला?”

“मी. तू माझा अडॅप्टर काढलास, मी तुझा पंखा काढला. फिट्टंफाट.”

“कुठला अडॅप्टर?”

“तो ठोकळा.”

“तो होय.” वहिनीला खरंच हायसं वाटलं. “तो तर दिव्याचा होता.”

“कसला दिवा?”

“त्या डब्यावर हिरवा दिवा लागायचा ना. वायर काढली, दिवा गेला. फोन तरी चालतच होते. मला वाटलं, तेवढ्यासाठीच आहे ती वायर.” आणि मग, अगदी सरळ मनाने, “तुला दिवा कशाला लागतो?”

रीस्टार्ट अजून तिथेच होता. तो घसा खाकरून म्हणाला, “माझा दुसऱ्या मजल्यावर फोन आहे,” आणि गेला. फोन वाजला नव्हता.

“वहिनी, दोन महिने मी तुझ्याशेजारी बसून ‘पट्टी मेली, पट्टी मेली’ म्हणतेय.”

“मला काय कळतंय त्यातलं? मी वाती वळणारी बाई, मी काय इंजिनियर? तू म्हणालीस यंत्र जुनं झालं.”

“मी नाही म्हणाले. तुम्ही सगळे म्हणालात.”

वहिनी खुर्ची ओढून जवळ आली. “हे बघ. हब बिघडला होता असं लिही.”

“तो बिघडला नव्हता.”

“मग ‘कुणीतरी’ लिही. कुणीतरी काढला असेल.”

“माझ्या टेबलाखाली कुणीतरी म्हणजे कोण? आंधळीने चाचपडताना स्वतःच उपटला असणार, असंच वाचतील सगळे. मीसुद्धा तसंच वाचलं असतं.”

“पुढच्या महिन्यात माझं वरिष्ठ लिपिकाचं आहे. तुला माहितीय.”

“माहितीय.”

“फाइलमधे एक शेरा आला की बसले मी आणखी तीन वर्षं याच खुर्चीवर.”

“आणि मी खाली, मरेपर्यंत.”

“खाली काय वाईट आहे गं? जिने नाहीत. रोज संध्याकाळी बोटं चोळत बसतेस. तिथे नुसतं बोलायचं. टेलिफोनवाल्यांना न्यायला-आणायला गाडी आहे.” वहिनीचा आवाज घसरला. “मीच मोठ्या बाईंना म्हणाले होते, तिला आता झेपत नाही म्हणून.”

हे तिला माहीत नव्हतं. मंगळवारच्या कोऱ्या कागदांत हे नव्हतं.

“कधी?”

“पहिल्या चुकीनंतर. तुझ्या बऱ्यासाठी.”

“गाडी माझ्यासाठी, का तुझ्यासाठी?”

वहिनीने पदराने मान पुसली. बाहेर कुणीतरी कपाट बंद केलं.

“दोघींसाठी,” वहिनी म्हणाली. “नऊ वर्षं झाली, वन्सं. एक दिवस मला एकटीने बसमधे बसावंसं वाटतं. खिडकीबाहेर काय चाललंय ते कुणाला न सांगता.”

‘वन्सं’ ती फक्त थट्टेत म्हणते. या वेळी थट्टा नव्हती.

“हे मला सांगायचंस,” टंकलेखिका म्हणाली. “काठी घेऊन मी एकटी आले असते. शिकले असते रस्ता. तू म्हणाली नाहीस, म्हणून मला वाटलं, तुला बरं वाटतं.”

“असं तोंडावर कसं म्हणायचं कुणाला?”

“मोठ्या बाईंना म्हणालीस तसं.”

साडेचार झाले होते. तिने संगणकाकडे तोंड केलं आणि टाइप करायला लागली. ती रोज दुसऱ्यांची वाक्यं उतरवते. तिला स्वतःचं एक पान लिहायला वीस मिनिटं लागली. प्रत्येक ओळ तिने पट्टीवर दोनदा वाचली. ठिपके शेवटपर्यंत उभे राहिले. मग प्रिंटरने कागद बाहेर टाकला, तिने त्यावर सही करून तो शिपायाच्या हाती मोठ्या बाईंकडे पाठवला. वहिनी पलीकडे बसून होती. काहीच काम करत नव्हती. फाइल उघडल्याचा आवाज नाही, पेनाचा नाही.

“लिहिलंस?”

“लिहिलं.”

“माझं आहे त्यात?”

“आहे. अडॅप्टर माझ्या वहिनींनी काढला, असं आहे. जाणून नाही, पंख्याला जागा हवी होती म्हणून, असंही आहे. इतर तिघांचे फोन आहेत. रीस्टार्टचा गुडघा नाहीये. मोठ्या बाईंपाशी तू काय म्हणालीस, ते नाही लिहिलं. तुला वाचून दाखवू? त्यांनी अजून वाचला नसेल.”

पलीकडे पंख्याचा प्लग कुठेतरी ठेवल्याचा आवाज झाला. ड्रॉवर बंद झाला.

“वहिनी, आज बरोबर निघायचं, का मी माझी येऊ? काहीही सांग, पण सांग.”

पर्सची चेन लागली. खुर्ची मागे सरली. चपलांचा आवाज पार्टिशनच्या कडेने आला, टंकलेखिकेच्या टेबलापाशी जरा मंदावला, पण कोपर पुढे आलं नाही, आणि मग आवाज दारातून बाहेर, जिन्याकडे गेला.